उणे पंचवीस हजार पाचशे छत्तीस

मला पगार संशय घेण्याचा मिळतो. नोएडाच्या सेक्टर बासष्टमध्ये आमची संस्था आहे. मोठ्या कंपन्यांना नोकरीसाठी पोरं निवडायची असली की त्यांची प्रोग्रॅमिंगची परीक्षा आम्ही घेतो, आणि त्या परीक्षेत कोणी कोणाचं बघून लिहिलं हे शोधून काढायचं काम माझं. एकोणीस वर्षं हेच करतोय. त्याआधीही स्वभाव हाच होता, फक्त फुकट होता.

आई म्हणते, "प्रफुल्ल, दुधानं तुझं तोंड कधी पोळलं रे, की तू जन्मभर ताक फुंकत बसलायस?" तिला काय सांगणार. मेश्राम हे आडनाव दिल्लीत कोणाला कळत नाही, म्हणून ऑफिसात आधी विचारतात, "मेश्राम मतलब?" आणि एकदा कळलं की पुन्हा काही विचारत नाहीत. त्या न विचारण्यात काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. दर बढतीच्या वेळी ते मी पाहिलंय. त्यामुळे आपल्या कामात कोणाला बोट ठेवायला जागा मिळू नये, एवढी एकच गोष्ट मी सांभाळत आलो.

तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दोनशे बारा जणांची परीक्षा झाली, चार शहरांत. निकाल तयार झाला, निवड झाली, आणि मग नक्कल पकडणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरनं निवडलेल्यांपैकी दोन पेपर लाल करून पुढे टाकले. एक दिल्लीच्या केंद्रातला, अक्षया कांबळे. दुसरा पुण्याचा, सुजय बिराजदार. आमच्या सिस्टिमचा प्रमुख अनुराग भटनागर, माझ्याच वयाचा, त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"सर, ये देखिए. दोनों ने कविता लिखी है."

प्रोग्रॅममध्ये कुठलीही संख्या ठेवायची तर आधी संगणकाच्या मेमरीत तिच्यासाठी जागा मागावी लागते. केवढी जागा हवी तेही तेव्हाच सांगायचं: एक बाइट, दोन, चार की आठ. मग त्या जागेला नाव द्यायचं. नाव काय द्यावं याला बंधन नाही. पोरं टोटल, काउंट असं काहीतरी देतात. या दोघांनी रोमन लिपीत चार नावं दिली होती, आणि दोघांची चारही नावं तंतोतंत एक. अनुरागनं मोठ्यानं वाचली. "छिपते. मापते. शेर. अधोली."

मीही तेच वाचलं. सी, एच, आय, पी, टी, ई. छिपते.

"छिपते हुए शेर को मापते हैं," अनुराग म्हणाला. "कोडवर्ड है सर, पक्का."

"और अधोली?"

"कोई गाँव होगा."

नुसत्या नावांवरून मी कोणाला फाशी दिली नसती. पण दोघांची चूकही एकच होती. प्रश्न असा होता की एका मेट्रो स्टेशनवर दर तासाला किती प्रवासी आत आले याचे आकडे दिलेत, त्यांची दिवसाची बेरीज काढा. बेरीज चाळीस हजार येते. या दोघांनी ती दोन बाइटांच्या जागेत, त्या 'मापते' नावाच्या जागेत, ठेवली. तिथे ती मावली नाही, आणि दोघांचं उत्तर आलं उणे पंचवीस हजार पाचशे छत्तीस. म्हणजे दिवसभरात स्टेशनात पंचवीस हजार माणसं शून्यापेक्षाही कमी आली. बाकीच्या दोनशे दहा जणांत ही चूक कोणाचीही नव्हती.

बरोबर उत्तर दोघांचं सारखं यावं यात नवल नाही, कारण ते एकच असतं. चुका ज्याच्या त्याच्या असतात. दोघांची चूक सारखी निघाली की ती चूक राहत नाही, पुरावा होते. हे वाक्य माझं आहे, नव्या लोकांना शिकवताना मी ते फळ्यावर लिहितो.

आमच्याकडे शिक्षा ठरलेली आहे. नक्कल सिद्ध झाली की निवड रद्द, तीन वर्षं बंदी, आणि ते नाव आमच्याकडून परीक्षा घेणाऱ्या सगळ्या कंपन्यांना जातं. एकदा गेलं की गेलंच.

मी अक्षयाला गुरुवारी अकराला बोलावलं. बोलावण्याआधी एक गोष्ट ठरवून टाकली, की या पोरीशी मराठीचं एक अक्षर बोलायचं नाही. कांबळे आणि मेश्राम ही दोन नावं एका कागदावर वाचली की तिसरी गोष्ट लोक आपली आपण जुळवतात. मला ती जुळू द्यायची नव्हती.

ती दक्षिण दिल्लीतल्या मुनिरक्याहून आली होती, वेळेच्या वीस मिनिटं आधी. पंचविशीची असेल. प्लास्टिकची फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. आत येताच म्हणाली, "नमस्कार, सर."

"बैठिए," मी म्हणालो.

तिचा चेहरा जरासा उतरला. मी तोही टिपून ठेवला, घाबरलेली आहे म्हणून. अनुराग शेजारी रेकॉर्डिंग सुरू करून बसला होता. पेपर आधी दाखवायचा नाही, आधी तोंडी विचारायचं, ही माझी पद्धत. माणूस काय नाकारतो यावरून पुष्कळ कळतं.

"आपने अपने पेपर में 'छिपते' शब्द लिखा है?"

"छिपते?" ती गोंधळली. "नहीं सर. वो तो मैंने कहीं नहीं लिखा."

मी कागदावर लिहिलं, साफ नाकारते. मग स्क्रीन तिच्याकडे फिरवली. ती वाकून बघत राहिली आणि एकदम मोकळं हसली.

"सर, ये छिपते नहीं है, चिपटं है. चिपटं, मापटं, शेर, अधोली. अनाज मापते हैं ना, उसके बर्तन. दो चिपटं का एक मापटं, दो मापटं का शेर, दो शेर की अधोली. डबल डबल होता है. मेमरी जैसा. एक, दो, चार, आठ."

मी लिहिलं, स्क्रीन दाखवल्यावर उच्चार बदलला.

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी मला थांबायला हवं होतं. पण हे शब्द मी जन्मात ऐकले नव्हते. मी करोल बागेत वाढलो. आमच्या घरात धान्य किलोनं यायचं, आणि माझी मराठी म्हणजे जेवण, भांडण आणि चौदा एप्रिलची भाषणं. तेवढ्या मराठीच्या जोरावर मी मनाशी म्हणालो, असे शब्द असते तर मला माहीत असते. मूर्खपणालाही एक ऐट असते.

"यह सब किसने सिखाया?"

"द्वारका मॅडम ने."

अनुरागनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. ज्या निळ्या मेट्रोनं आम्ही रोज नोएडाला येतो, तिचं दुसरं टोक म्हणजे द्वारका, दिल्लीचं उपनगर. घरोघरी कोचिंग क्लास असलेलं. कोणता सेक्टर, असं मी तिला विचारलं नाही. मासा गळाला लागला की दोरी एकदम ओढायची नसते.

"उनके पास और भी बच्चे आते हैं?"

"बहुत सारे, सर. कितनों की नौकरी लग गई."

"सुजय बिराजदार को जानती हो?"

"नहीं सर. कौन है?"

मी पेन बंद केलं. मग ती आपण होऊन बोलायला लागली. दोन वर्षं मुनिरक्यात राहून तिनं नागरी सेवेची तयारी केली होती, तिघी मिळून एका खोलीत. पूर्वपरीक्षा दोन्ही वेळा हुकली. घरचे लातूरला परत बोलावत होते. ही नोकरी लागली तेव्हाच तिला दिल्लीत राहायची परवानगी मिळाली होती, आणि सोमवारी अकरा वाजता रुजू व्हायचं होतं.

"सर, मैंने किसी का नहीं देखा," ती म्हणाली. पुढं काहीतरी सांगायला शब्द शोधत होती. हिंदीत सापडले नाहीत बहुतेक. मी तिला जायला सांगितलं.

दुपारी सुजयला व्हिडिओवर घेतलं. पुण्यात हडपसरला राहणारा, चटपटीत, हिंदी अस्खलित. तोही म्हणाला, धान्याची मापं आहेत. तोही म्हणाला, दुप्पट दुप्पट होतात. तोही म्हणाला, द्वारका मॅडम. अक्षया कांबळे हे नाव त्यानं ऐकलेलं नव्हतं.

दोघांची गोष्ट वेगळी निघाली असती तर मी म्हणालो असतो, एक तरी खोटं बोलतंय. सारखी निघाली, तर म्हणालो, पढवलेली आहे. म्हणजे त्या दोघांनी काहीही सांगितलं असतं तरी ते माझ्या जाळ्यातच येऊन पडलं असतं. हे आज कळतं. त्या दिवशी मला माझ्या जाळ्याचं कौतुक वाटत होतं.

अनुराग तर उडायलाच लागला. त्यानं द्वारकेत बायकांनी चालवलेले दोन संगणक क्लास शोधून काढले, एक सेक्टर सातला, एक बाराला. पालक असल्याचं सोंग करून दोन्हीकडे फोन केला. एकीनं त्याला मुलाचं वय विचारलं, तर हा म्हणाला, अठ्ठेचाळीस. घाबरून स्वतःचंच सांगितलं. तिनं फोन ठेवून दिला, आणि त्यामुळे आमचा संशय आणखी पक्का झाला. शुक्रवारी संध्याकाळी मी अहवाल लिहून काढला: द्वारका येथील एक महिला उमेदवारांना संगनमतानं उत्तरं पुरवते, परस्परांना ओळखण्यासाठी सांकेतिक शब्द वापरले जातात, दोन्ही उमेदवारांवर तीन वर्षांची बंदी घालावी. सोमवारी सकाळी दहाला तो वर पाठवायचा होता.

रविवारी सकाळी आई पश्चिम विहारच्या आमच्या बाल्कनीत मटार सोलत बसली होती. हंगामाचे शेवटचे, निबर झालेले मटार. तिचं नाव प्रेमला, वय अठ्ठ्याहत्तर, माहेर भंडाऱ्याचं, आणि पन्नास वर्षं दिल्लीत काढूनही भाजीवाल्याशी ती मराठीतच घासाघीस करते. मी चहा घेऊन तिच्याजवळ बसलो. माझ्या मनात कुठेतरी ते 'चिपटं' टोचत होतं.

"आई, चिपटं म्हणजे काय गं?"

"चिपडं म्हण. डोळ्यांत येतात ती."

"नाही, चिपटं. धान्याचं माप असतं का तसलं?"

तिनं विचार केला. "आमच्याकडं पायली अन् कुडो. चिपटं नाही ऐकलं बा."

झालं. आईलाच माहीत नाही म्हणजे शब्द बनावट. माझ्या संशयावर आईचा शिक्का बसला आणि मला इतकं बरं वाटलं की मी तिला सगळं प्रकरण रंगवून सांगितलं. म्हणालो, "एक बाई आहे, तिची गँग आहे मोठी. पोरं तिला द्वारका मॅडम म्हणतात."

"म्हणजे तिचं नाव द्वारका असंल."

"नाही गं. द्वारकेला राहते. ते एअरपोर्टकडे नाही का, ते."

"तुला कोण म्हणालं तिथं राहते?"

"आई, द्वारका मॅडम म्हणतात ना."

आईनं मटाराची शेंग खाली ठेवली. "माझ्या थोरल्या मावशीचं नाव द्वारका. तू तिच्या मांडीवर मुतलायस. मी पश्चिम विहारात राहते म्हणून मला कोणी पश्चिम विहार काकू म्हणतं का रे?"

मी हसलो. मग हसू राहिलं अर्ध्यावर. मी आत जाऊन लॅपटॉप उघडला, दोन्ही रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. द्वारका मॅडम ने. दोघांनीही तसंच म्हटलं होतं. द्वारकेला राहणारी असती तर हिंदीत कोणीही 'द्वारका वाली' म्हणालं असतं. तो 'वाली' मी माझ्या पदरचा घातला होता. मग दोघांचे अर्ज काढले. पत्त्याच्या रकान्यात दिल्ली आणि पुणे, एवढं वाचून मी पुढे गेलो होतो. शाळेचा रकाना आता वाचला. अक्षया, औसा. सुजय, उदगीर. दोन्ही लातूर जिल्हा.

म्हणजे द्वारका मॅडम तिकडच्याच. पण स्वभाव बघा, तरीही अक्षयाला फोन करून बाईंचा नंबर मागितला नाही. म्हटलं, ती आधीच त्यांना पढवून ठेवेल. औशाची संगणक केंद्रं इंटरनेटवर शोधली, तीन निघाली. पहिल्या ठिकाणी कोणी उचललं नाही. दुसरीकडे एका बाईंनी उचलला, मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

"आप द्वारका मैडम बोल रही हैं?"

"हां, बोल रही. आप कोण?"

"मैं प्रफुल्ल मेश्राम, नोएडा से."

"मेश्राम? मग मराठीत बोला की साहेब. माझ्या हिंदीची परीक्षा कशाला घेताय?"

मी मराठीत बोललो, पण खोटं. माझ्या भाच्याला प्रोग्रॅमिंग शिकायचंय, त्याला मेमरीचं डोक्यात शिरत नाही, तुम्ही सोपं करून शिकवता असं ऐकलं. बाई खुलल्या. आधी त्या उदगीरला होत्या, नवऱ्याची बदली झाली म्हणून औशाला आल्या, रविवारी पोरांना असंच शिकवतात. गावातल्या पोरांना बाइट म्हटलं की भीती वाटते, म्हणून त्यांनी आजोळच्या घरातली मापं आणून टेबलावर मांडली. चिपटं, मापटं, शेर, अधोली. "जेवढं धान्य तेवढंच माप घ्यायचं, साहेब. मूठभर तांदळाला अधोली काढली तर आई रागवायची. मेमरीचंही तेच. उगा मोठी जागा अडवायची नाही. मावत असलं तर मापटंच घ्यायचं."

"आणि मापट्यात किती मावतं?"

"पासष्ट हजार पाचशे पस्तीस," त्या पाढा म्हटल्यासारखं म्हणाल्या.

"सगळं?"

"सगळं. काठोकाठ."

"आणि उणे संख्या असली तर?"

त्या हसल्या. "धान्य उणं कुठं असतंय, साहेब? माप रिकामं झालं की शून्य. त्याच्या खाली काय असणार?"

मी खुर्चीत मागे टेकलो. दोन बाइट म्हणजे सोळा खाने. पण परीक्षेतल्या भाषेत त्यांतला एक खाना चिन्हासाठी राखलेला असतो, संख्या अधिक की उणे हे सांगायला. त्यामुळे जागा निम्मी उरते, बत्तीस हजार सातशे सदुसष्ट. त्यापुढं एक जरी दाणा टाकला तरी माप सांडत नाही, उलटं होतं, आणि आकडा उण्यात जातो. बाईंनी सोळाही खाने धान्यानं भरले होते. चाळीस हजार प्रवासी त्या हिशेबानं मापट्यात आरामात मावत होते. ही चूक कोणी कोणाच्या पेपरातून उचलली नव्हती. एकानं ती उदगीरहून नेली होती आणि एकीनं औशाहून, शिकवलेलं नीट लक्षात ठेवून.

मग मी त्यांना खरं सांगितलं. मी कोण, भाचा कोणी नाही, दोघांवर काय आळ आलाय, आणि मापट्यात खरं किती मावतं. पलीकडे पोरांचा गलका चालूच होता. बाईंनी कोणाला तरी दार लावायला सांगितलं.

"म्हणजे माझ्यामुळं," त्या म्हणाल्या.

"तुमच्यामुळं फक्त काही गुण जातील. बाकीचं माझ्यामुळं."

"अकरा वर्षं शिकवतेय हो मी हे. किती पोरांना." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "अक्षया रडली का तुमच्यापुढं?"

"नाही."

"ती रडत नाही. मनात धरून ठेवते." मग म्हणाल्या, "मी सगळ्यांना फोन लावते आजच. वह्या आहेत माझ्याकडं, नावं आहेत." मला त्यांनी एका शब्दानंही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारचा अहवाल मी फाडला नाही, कारण तो कागदावर नव्हताच. पुसला आणि नवा लिहिला: नक्कल नाही, दोघांची शिक्षिका एक, म्हणून शब्द एक आणि चूक एक, चुकीचे गुण कापावेत, निवड कायम ठेवावी. गुण कापूनही दोघं यादीत राहत होते, ते मी तीनदा तपासलं. सुजयला फोनवर कळवलं. तो म्हणाला, "थँक यू सर, मला वाटलंच होतं," आणि मोकळा झाला. अक्षयाला सोमवारी साडेनऊला ऑफिसात बोलावलं. तिचं रुजू व्हायचं ऑफिस आमच्यापासून दोन स्टेशनांवर होतं. आणि मला तिच्याशी समोरासमोर बोलायचं होतं.

सोमवारी अनुरागनं नवा अहवाल वाचला. "मतलब गैंग गई," तो म्हणाला. मग स्क्रीनकडे बघत म्हणाला, "यार, सर, उस लड़की ने तो पहले ही दिन सब सच बता दिया था." मला हे त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

ती आली. तीच फाइल, पण आज इस्त्रीचा कुडता. या वेळी तिनं नमस्कार केला नाही.

"बस, अक्षया," मी म्हणालो.

मराठी ऐकून ती दचकेल असं मला वाटलं होतं. ती नुसती बसली. मी तिला सगळं सांगितलं, द्वारका मॅडमशी काय बोलणं झालं, चिन्हाचा खाना, उणे आकडा. ती लक्ष देऊन ऐकत होती. सोळावा खाना समजला तेव्हा तिची मान आपोआप हलली, विद्यार्थ्याची हलते तशी. "म्हणजे निम्मंच," ती स्वतःशी म्हणाली.

"तुझ्यावरचा आळ काढून टाकलाय," मी म्हणालो. "तू आज रुजू हो."

"हे लेखी मिळेल का, सर?"

मी पत्र तयारच ठेवलं होतं. सही करून दिलं. तिनं ते सावकाश वाचलं, बोट ओळीवर ठेवून. दुसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"इथं 'सध्या उपलब्ध माहितीनुसार' लिहिलंय. सध्या का?"

मी बघितलं. खरंच लिहिलं होतं. हाताची सवय. एकोणीस वर्षांत प्रत्येक पत्रात मी तो शब्द घालत आलो, पुढं-मागं काही निघालं तर आपण मोकळे राहावं म्हणून. तिला निर्दोष ठरवतानाही मी माझ्यासाठी एक मागचं दार ठेवलं होतं. लाज वाटली. पत्र पुन्हा काढलं, ते शब्द वगळून. तिनं तेही पहिल्यापासून वाचलं, तारीख तपासली, मोबाइलवर फोटो काढला, फोटो नीट आलाय का ते मोठा करून बघितलं, मग फाइलमध्ये ठेवलं.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तू सगळं खरं सांगितलं होतंस. मीच ऐकलं नाही."

"तुम्ही ऐकलं होतं सर," ती शांतपणे म्हणाली. "दारावर तुमचं नाव वाचलं तेव्हा मला इतका धीर आला होता. म्हटलं, आता हिंदीत नाही सांगावं लागणार. मग तुम्ही बैठिए म्हणालात."

कोणत्या नावाशेजारी कोणतं नाव आलं की लोक काय जुळवतात, हे मी तिला सांगू शकलो असतो. ते तिला माझ्याइतकंच माहीत होतं. आणि तिला माहीत असलेल्या गोष्टीचीच झळ मी तिला लावली होती. मग जे मनात आलं ते बोललो.

"रविवारी घरी ये जेवायला. माझी आई असते. तिला तुमची ती मापं ऐकायला आवडतील."

अक्षयानं माझ्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही. समोरच्याच्या बोलण्यात काय लपलंय ते शोधत माणूस बघतो, तसं.

"कशासाठी, सर?" तिनं विचारलं.

तिनं उत्तराची वाट पाहिली, मग उठली, खुर्ची आत सरकवली आणि फाइल घेऊन निघाली. तिला अकराला पोचायचं होतं.